'विसरा'चं बटण

डुलुथमधल्या फोनदुरुस्तीच्या दुकानात फुटकी स्क्रीन घेऊन ताटकळलेल्या ग्रेटाचे कान काउंटरपाशी बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते.

"अपडेट झाल्यापासून वायफाय लागतच नाही रे. बंद-चालू करून करून दमले मी."

"आजी, इथे 'नेटवर्क विसरा' दाबायचं आणि पासवर्ड घालून नव्याने जोडायचं. पासवर्ड काय आहे?"

"तो यानेच ठेवलाय. ऑर्व्हिल, सांग ना याला."

"कुणालाही सांगणार नाही."

"आजोबा, राउटरच्या खाली छापलेला असतो, तोच आहे का?"

"तो मी कधीच बदलला. शेजारचे फुकटे आमचं वायफाय वापरत बसायचे."

"मग आता कोणता आहे?"

"फक्त बायकोला सांगेन."

"मग सांगा की त्यांच्या कानात! शेजारीच तर बसल्यात."

"ही? ही मला रोज गोळ्या देते. बाई भली आहे हो, पण घरचा पासवर्ड परक्या माणसाला कसा सांगू?"

काउंटरमागच्या दुरुस्तीवाल्याचं बोट स्क्रीनपाशी अडलं.

"आजी... दाबू का मग 'विसरा'?"

"त्याच्याखेरीज दुसरं बटणच नाही का रे?"