कौतिका कोण आणि रूपाली कोण?

या मंडळी, कीर्तन सुरू होतंय, पुढं सरका! खांबाला टेकलेले बुवा, जागे आहात ना? झोपायचं असेल तर घरी गादी मऊ आहे!

आज एकच प्रश्न विचारतो. मागणं म्हणजे लाचारी का हो? माना हलवू नका, आधी ऐका!

एक गाव. गावात भोजन्यांचं घर, आणि त्या घरची सून रूपाली. वय चौतीस. तालुक्याच्या दवाखान्यात आया म्हणून सोळा वर्षं काम केलेली. फरशी पुसायची, पेशंटची भांडी उचलायची, नर्सबाईंच्या हातात इंजेक्शन द्यायचं आणि बाजूला उभं राहायचं. एक दिवस मनानं घेतलं — आपण स्वतः नर्स व्हायचं! बारावी लग्नाआधीच झालेली. फॉर्म भरला, नंबर लागला. पण वयाची अट होती! यंदा नाही, तर कधीच नाही. आणि फी? ती काही घरात नव्हती. मोठ्या वयात शिकायला बसणाऱ्या बायकांना सरकारी मदत मिळते, असं तिला कळलं. चालली अर्ज घेऊन!

खिडकीतल्या साहेबांनी कागद पाहिले. चष्मा वर केला. "बाई, बारावीचा दाखला म्हणतो कौतिका वाघमोडे. आधार म्हणतं रूपाली भोजने. मदत द्यायची कुणाला?"

"साहेब, दोन्ही मीच की!"

"कागदावर दोन बाया आहेत."

आता हसताय, पण हे तुमचंच काम आहे! ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे — झालं! सासूच्या नणंदेचं नाव कौतिका. एका घरात दोन कौतिका कशा चालतील? म्हणून ही रूपाली झाली! पेढे सगळ्यांनी खाल्ले, पण कागद एकानं तरी केला का? लग्नाची नोंदसुद्धा नाही!

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "प्रतिज्ञापत्र करा. आणि नाव बदललं तेव्हा हजर असलेलं सासरचं वडीलधारं माणूस साक्षीला आणा. शनिवारी मुदत संपते."

सासरचं वडीलधारं माणूस! म्हणजे कोण? सासू — शेवंताबाई! नवरा टेम्पो चालवायचा, भला माणूस, पण त्याचं एकच उत्तर — "आई म्हणंल तसं."

आणि आई काय म्हणाली? "सरकारम्होरं पदर पसरायचा? भोजन्यांच्या घरात असलं कधी झालं न्हाई! लोक हसतील!"

वा रे वा! आपण देवळात येऊन काय करतो हो? पाऊस दे, पोरगं पास कर, गुडघा बरा कर! तिथं अब्रू जात नाही. सुनेनं फी मागितली की लगेच घराण्याचं नाक कापलं!

रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती हटली नाही हं! म्हणाली, "आत्याबाई, मी पदर पसरत न्हाई, अर्ज करते. सोळा वर्षं दुसरीच्या हातात सुई दिली. आता ती माझ्या हातात पायजे. तुम्ही या. न्हाई आलात, तर तुमच्या भावकीतल्या ज्या म्हाताऱ्यांनी माझ्यावर अक्षता टाकल्या, त्यांना दारोदार फिरून गोळा करीन. पण शनिवार चुकवणार न्हाई!"

आणि खरंच निघाली की शनिवारी सकाळी! उंबऱ्यात पाय ठेवला, तोच आतून आवाज — "माझी चप्पल कुठं हाय?"

रूपाली बघतच राहिली.

"बघतीस काय? भावकीतल्या म्हाताऱ्या साक्षीला जाणार आन् मी सासू घरात बसू? लोक काय म्हणतील!"

घ्या! लोकलाज अशीही कामाला येते मंडळी!

गेल्या दोघी. साहेबांनी विचारलं, "आजी, हिचं आधीचं नाव?"

"कौतिका. मीच बदललं. पोरीला इचारलंबी न्हाई."

"बरं. तुमचं नाव सांगा."

मंडळी, म्हातारीनं खिडकीवरचा हात मागं घेतला. साहेबांनी मान वर केली. रूपालीला वाटलं — आता ही फिरते की काय!

"शेवंता लिवा. पण ते हितलं हाय. बापानं ठकू ठेवलं होतं. त्रेपन्न वर्षांनी तोंडातनं निघालं बघा आज. मला तरी कुणी इचारलं होतं?" मग सुनेकडं न बघताच म्हणाली, "अंगठा कुठं करू, ते सांगा. पोरीची येळ चाललीय."

अंगठा झाला, शिक्का बसला, मदत मंजूर झाली! आज ती बाई पांढऱ्या कपड्यात वॉर्डात उभी राहते आणि सुई तिच्या हातात असते.

मग मागणं म्हणजे लाचारी का? नाही रे बाबांनो! आपलं माणूस हक्काचं मागत असताना आपण घरात बसून राहायचं, लाचारी ती!

हां, टाळ उचलू नका, माझं संपलं नाही. पुरुष मंडळी, तुम्हाला विचारतो. तुमच्या आईचं माहेरचं नाव काय? ...बघा, सगळे एकमेकांकडं बघायला लागले! घरी जा, विचारा. आणि नाव सांगून झालं की उठू नका. तिला काय शिकायचं होतं, तेही विचारा. बायकोलाही विचारा. ती म्हणेल, "आता काय उपयोग?" तेव्हा चप्पल घाला आणि म्हणा — चल, अर्ज कुठं मिळतो ते बघू.