अठ्ठावीस वळणांचा कागद

आजच्या या निरोप सोहळ्याच्या अध्यक्षस्थानी विराजमान शाळा समितीचे अध्यक्ष नथ्थूभाऊ, मुख्याध्यापक प्रवीण सर, गोंडपिपरीहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते आमचे गणिताचे शेख गफ्फार सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या शकिलाभाभी, शिक्षकवृंद, गावातल्या आयाबायांनो, भावांनो, आणि खिडकीत चढून बसलेल्या पोट्ट्यांनो... उतरा आधी खाली. सतरंजी कोणासाठी अंथरली आहे? हं. सर्वांना माझा नमस्कार.

मी भागीरथा मोहुर्ले. अकरा वर्षांपासून या शाळेत मी खिचडी शिजवते. व्यासपीठावर उभं राहून बोलायची ही माझी पहिली वेळ, म्हणून रंजीता मॅडमनं मला भाषण लिहून दिलं आहे. फार सुंदर लिहिलं आहे. त्यात ‘ज्ञानाचा अखंड झरा’ आहे, ‘शिष्येच्या यशाने गुरूचे ऊर भरून आले’ असंही आहे. मॅडम, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण हा कागद मी घडी घालून ठेवते. राग मानू नका. मले जे बोलायचं आहे ते याच्यात नाई.

प्रवीण सर, तुम्ही आताच मले शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या वाजल्या. शाल मी खांद्यावर घेतली नाई, खुर्चीवर ठेवली, हे तुमच्या ध्यानात आलं असंन. काऊन ठेवली ते सांगते. जरासा धीर धरा. अध्यक्षांनी वेळ पाच मिनिटांची दिली आहे, ती पुरणार नाई, तेवढं समजून घ्या.

सरायची आन् माझी ओळख तशी भांडणातूनच झाली. मधल्या सुटीत सर स्वयंपाकखोलीच्या ओट्यावर येऊन बसत. हातात तो रंगीबेरंगी क्यूब. जेवायचं भान नाई, डबा तसाच. एक दिवस मी म्हटलं, “सर, काऊन डोकं फोडून राह्यले त्या ठोकळ्यावर? आमच्या सातवीचा विक्की एका मिनटात जुळवते.” सर हासले. म्हणाले, “भागीरथाबाई, घाईनं जुळवणारे बहुत आहेत. मले कमीत कमी वळणात जुळवायचा आहे. एक वळण फुकट नाई गेलं पाहिजे.”

पाहुण्यांले ठाऊक नसंन म्हणून सांगते. याची स्पर्धा असते. सगळ्यायले एकसारखा मोडलेला क्यूब देतात. एक तास वेळ. पेन, कोरा कागद. किती पटकन फिरवला याले काही किंमत नाई. कोणती बाजू कोणीकडं फिरवायची ते एकेका अक्षरानं कागदावर लिहून द्यायचं. नुसतं अक्षर लिहिलं तर सुलटं वळण, अक्षराच्या डोक्यावर काडी दिली तर उलटं वळण. पंच तुमचा कागद वाचून स्वतःच्या हातानं क्यूब फिरवतात. जुळला तर जितकी वळणं तितका तुमचा आकडा. एक काडी जरी चुकली, उत्तर बाद. असे तीन मोके.

सर नागपूरले चार वेळा जाऊन आले होते. चारही वेळा त्यायच्या नावापुढं आकडा लागला नाई. एकदा तास संपला, बाकी वेळा लिहिण्यात चुकलं. पन्नाशी उलटलेला माणूस, सोबत सगळी कॉलेजची पोरं. पण सर दर वेळी येऊन म्हणत, “अगली बार.”

मग त्यायच्या डोळ्यायले लागलं. डोळ्याचा पडदा खराब झाला म्हणून डॉक्टरनं सांगितलं. आधी लाल आन् नारंगी एक दिसायले लागले. सर ओट्यावर बसून मले विचारत, “बाई, हा कोणता?” मी पोळपाटावरचा हात पुसून सांगो, “नारंगी.” मग रोजचंच झालं. मी रंग सांगो, सर विचार करत. तीन वर्षं असंच चाललं. खिचडी दोनदा करपली, प्रवीण सर, दोन्ही वेळा तुमी मले बोलले, आता कारण समजलं असंन.

आन् एक दिवस, सर बोलायच्या आधीच मले पुढचं वळण दिसलं. मी बोलून गेली. सरायनं क्यूब ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, “बाई, आता मी ऐकतो. तू लिही.”

मी नववी नापास. मले वाटलं सर गंमत करून राह्यले. पण नाई. त्यायनं मले शिकवलं तसं मले कोणीच शिकवलं नव्हतं. कधी कधी समोरून रस्ता सापडत नाई, तर क्यूब शेवटाकडून धरायचा आन् तिकडून यायचं. ते काही माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा सर म्हणाले, “तू धानाच्या रोवणीले जातेस ना? बांधीत पऱ्हे, रोपं लावताना पुढं चालतेस का मागं?” मी म्हटलं, “मागं.” म्हणे, “बस, तसंच आहे.” बाप्पा! लख्ख समजलं. लहानपणापासून गुडघाभर चिखलात मागं मागं चालली मी. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझं चालणंबी कुठी कामी येते.

मले आकडा पाहिजे होता. लपवून काय करू? सरायले तर पाहिजेच होता, पण मलेबी पाहिजे होता. जन्मात माझं नाव दोनच यादीत आलं, एक राशनच्या आन् दुसऱ्या मानधनाच्या. तिसऱ्या एका यादीत, जिथं डोकं वापरल्याबद्दल नाव लिहितात, तिथं एकदा यावं, एवढंच. आन् ते सरायचे डोळे पूर्ण जायच्या आधी यावं.

मागच्या महिन्यात चंद्रपूरले स्पर्धा झाली. सरायले तोवर नुसता उजेड-अंधार कळत होता. मी एकटी यष्टीनं गेली. पहिल्या मोक्यात एकच बाजू पुन्हा पुन्हा फिरवत राह्यली, तास कधी संपला समजलं नाई. दुसऱ्यात एक अक्षर भलतंच लिहिलं. तिसऱ्या मोक्याले मी देवाचं नाव घेतलं, सरायचंबी घेतलं. आन् रस्ता सापडला. एकोणीस वळणं समोरून, नऊ शेवटाकडून. अठ्ठावीस! ओट्यावर बसून आमी कधीच तिशीच्या खाली आलो नव्हतो. माझ्या डोळ्यायले धारा लागल्या. मी कागद दिला.

पंच म्हणजे एक भला पोरगा. त्यानं माझ्यासमोर कागद वाचून क्यूब फिरवला. एकोणीस वळणं झाली. मग शेवटची नऊ. आन् क्यूब जुळला नाई.

होय. जुळला नाई. हे मी आज पहिल्यांदा बोलून राह्यली.

नथ्थूभाऊ, थांबा, मले बसवू नका. बोलू द्या.

शेवटाकडून सापडलेली वळणं कागदावर उतरवताना दोन गोष्टी कराव्या लागतात. क्रम उलटा करायचा आन् प्रत्येक वळणबी उलटं करायचं. काडी असंन तर काढायची, नसंन तर द्यायची. मी क्रम उलटा केला. वळणं तशीच ठेवली. काऊन? कारण मी रोवणीवाली बाई. रोवणीत पाय मागं जातात, हात मात्र तसाच चालते, रोप तसंच सुलटं रोवल्या जाते. घाईत माझ्या अंगानं जे आयुष्यभर केलं तेच केलं. मी त्या पोराचा हात धरला, म्हटलं, “दादा, ती नऊ वळणं मागं घे, आन् आता एकेक उलटं फिरवून पाह.” त्यानं फिरवली. झटकन सगळा क्यूब जुळला. सहाही बाजू. तो पोरगा माझ्याकडं पाहतच राह्यला. म्हणाला, “ताई, तुमचं डोकं बरोबर आहे, पण आम्हाला कागदच धरावा लागतो.” आन् बाद लिहिलं.

मी लय हातापाया पडली त्याच्या. लाज सोडून पडली. तो तरी काय करंन?

परत येताना मूल गावच्या स्टँडवर फोन वाजला. सर. “भागीरथा, कितीत?”

मले ‘बाद’ म्हणायचं होतं. तोंडात आला होता शब्द. पण वाटलं, मी सांगितलं तर सर विचारतील कसं चुकलं, मी सांगीन रोवणीचं, आन् ते उदाहरण तर त्यायनंच दिलं होतं. माणूस आंधळा होऊन राह्यला आन् वरून त्याले म्हणू का, तुमच्या शिकवण्यातून चुकलं? तशी ती त्यायची चूक नव्हतीच. शिकवलं त्यायनं बरोबरच, क्रम आन् वळण दोन्ही. चुकली मी. पण त्या घडीले माझ्या तोंडून निघालं, “अठ्ठावीस.”

फोन हातात तसाच धरून सर ओरडले, “शकिला, सुना क्या? अठ्ठाईस!”

भाभी, तुमाले आठवते ना?

इथवर तरी ठीक होतं म्हणा. एक खोटं, फोनवरचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच सर स्वयंपाकखोलीत आले. भाभीनं त्यायच्या क्यूबावर एका रंगाले बटनं चिकटवली, एकाले कापड, एकाले दोरा, कुठी घासायचा कागद, म्हणजे बोटायले रंग कळावे. तो क्यूब घेऊन आले. म्हणाले, “तुझा कच्चा कागद आण. वाच. मी फिरवतो.” कागद माझ्यापाशी होता. पंचाले दिला तसाच्या तसा त्याच्यावरबी उतरवला होता. मी वाचायले लागली. विसाव्या अक्षराशी आली. आन् मी जे लिहिलं होतं ते वाचलं नाई. जे लिहायले पाहिजे होतं ते वाचलं. नऊच्या नऊ.

क्यूब जुळला. सरायनं सहाही बाजूंवरून आंगठा फिरवला. दोनदा फिरवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले.

मंडळी, सर तो कागद कोणाकडूनबी वाचून घेऊ शकत होते. कोणालेबी तो कागद दाखवू शकत होते. त्यायनं मलेच वाचायले लावलं, कारण तीन वर्षं मी त्यायले रंग सांगत होती आन् एकदाबी चुकीचा सांगितला नव्हता. सर, तुमाले दिसत नाई, म्हणून मी खोटं वाचू शकली. डोळस असते तर माझी हिंमत झाली नसती. हे मले झोपू देत नाई, जेवू देत नाई. महिनाभर खिचडीत मीठ किती टाकलं तेबी याद राहत नाई मले.

तरी मी आज काही बोलणार नव्हती. उद्या सकाळी सर हैदराबादले जाऊन राह्यले, लेकीकडं, मदीहाकडं, तिकडच्याच डॉक्टरले दाखवणार. मी म्हटलं, जाऊ दे, माणूस खुशीत चालला आहे. पण आता माझ्या आधी सर बोलले. तुमी सगळ्यायनं ऐकलं. म्हणाले, “एकतीस वर्षांत मी काय केलं कोणी विचारलं, तर मी हे अठ्ठावीस दाखवीन. आता डोळे गेले तरी चालतील.”

नाई सर. असे नाई चालत. त्या टेबलावर फुलायच्या हाराखाली जी फ्रेम ठेवली आहे, पाहुण्यायच्या हातून तुमाले द्यायची, त्या काचेखाली माझा तोच कच्चा कागद आहे. तो तुमी भिंतीवर लावसान. घरी येईन त्याले दाखवसान. एखादा जाणकार पाहीन, वाचीन, आन् तुमाले काहीच न बोलता चूप राहीन. तुमच्या भिंतीवर, तुमच्यासमोर, माझं खोटं लटकून राहीन आन् एकट्या तुमालेच दिसणार नाई. हे मले सहन होत नाई सर. मारा मले, बोलू नका माझ्याशी, पण हे नाई.

प्रफुल सर, ती फ्रेम इकडं आणा जरा. मागच्या खिळ्या काढा. हो, आताच. पाहुण्यांनो, तुमच्या हातून काही दुसरं देऊ, माफी असावी.

अध्यक्ष महाराज, वेळ उलटून गेली याची मले जाणीव आहे. शाळा समितीनं माझ्यासारख्या खिचडीवाल्या बाईले दोन शब्द बोलायची संधी दिली, मुख्याध्यापकांनी मान दिला, रंजीता मॅडमनं एवढं चांगलं भाषण लिहून दिलं, भाभीनं मले घरच्यासारखं वागवलं, त्या सगळ्यायचे मी आभार मानते. शाल मी परत देते. नारळबी. चंद्रपूरचा निकाल असा ऐकावा: भागीरथा मोहुर्ले, तीन मोके, तिन्ही बाद.

माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असंन, कोणाचं मन दुखलं असंन, तर तुमी सगळे मोठ्या मनानं पोटात घाला. कागदावरचं मात्र घालू नका. सर, हा घ्या लाल पेन. अशाच पेनानं एकतीस वर्षं तुमी आमच्या पोरायच्या वह्या तपासल्या. तुमचं बोट मी धरते. हे एकोणिसावं अक्षर, इथवर बरोबर आहे. हे विसावं.

इथून काट मारा.