सलामाचं उत्तर

माझं नाव मार्था, आणि वय विचाराल तर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते, बाकी हिशोब तुम्ही लावा. आमची वाडी चिकलठाण्याच्या पलीकडं, जालन्याच्या सडकेपासून आत अर्ध्या कोसावर, वीसेक घरं आणि मधी एक लांब खोली. तीच सकाळी शाळा आणि रविवारी देऊळ. आमचा आज्जा दुष्काळात किरिस्ताव झाला. गावातले लोक म्हणायचे धान्यासाठी झाला, तर माझा बा म्हणायचा, व्हय, धान्यासाठीच झाला, पण धान्य संपल्यावरही तो राहिला त्याचं काय.

माझा बा येसुदास मास्तर. शाळेत तोच शिकवायचा, देवळात तोच वाचायचा, कारण पाद्रीसाहेब शहरात राहायचे आणि महिन्यातून एकदा फटफटीवर यायचे, डोक्यावर मोठी हॅट आणि मागच्या सीटवर कोंबडी, म्हणजे येताना कोंबडी नाय, जाताना. बा लई भित्रा माणूस होता, हे मी लेक असून सांगते. कुत्र्याला भ्यायचा, विजेला भ्यायचा, पाद्रीसाहेबाला तर इतका भ्यायचा की फटफटीचा आवाज आला की आधी टोपी घालायचा आणि मग ती काढायची म्हणून हातात धरायचा. पोरं त्याला मागं भित्रा मास्तर म्हणायची. मलाही म्हणायची, भित्र्या मास्तरची मार्था.

देवळात भिंतीवर येशूची एक तसबीर होती, गोरापान, मधोमध भांग, कडेवर कोकरू. माझी माय म्हणायची, हा सुताराचा पोरगा व्हय, हात बघा की त्याचे, कधी रंधा धरलाय असं वाटतंय का. बा तिला गप करायचा. पण बा स्वतः एकदा म्हणाला होता की बायबलात येशू चार जणांनी लिहिला आणि चौघांचा चार तऱ्हेचा आहे. मार्काचा येशू धरलं जायच्या रात्री बागेत भ्यालेला आहे, जीव कासावीस झालेला, हे टळलं तर टाळ म्हणणारा. लूकाचा मरताना मारणाऱ्यांसाठी माफी मागणारा. योहानाचा मात्र राजा, धरायला शिपाई आले तर हाच पुढं होऊन विचारतो, कुणाला शोधता, आणि ते नाव सांगतात तर हा म्हणतो, तो मी, यांना जाऊ द्या, आणि तेवढ्यानं शिपाईच मागं सरून पडतात. पाद्रीसाहेबाला हाच आवडायचा. साहेब येणार असले की बा हाच वाचायचा, न भिणारा. स्वतः मात्र वाचताना ओळ चुकंल म्हणून भिऊन बोट ओळीवरून उचलायचा नाय, मी पुढंच बसायचे ना, मला दिसायचं.

आता करीमचाचाचं सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं कळायचं नाय. करीमचाचा दर्जी. शेजारच्या गावचा, पण त्याचं हातमशीन आमच्या शाळेच्या ओट्यावर, कारण तिथं सावली होती आणि सगळी वाडी तिथूनच जायची. दहा-बारा वर्षं तो तिथं बसला असंल. सकाळी आम्ही पोरं आत रांगेत उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हणायचो तेवढा वेळ त्याचं मशीन थांबायचं. आमेन झालं की घर्रर सुरू. कुणी सांगितलं नव्हतं त्याला, आपलं थांबायचा.

आमच्यात एकमेकांना सलाम म्हणायची रीत. घरात शिरलं सलाम, देवळात शिरलं सलाम, समोरचाही सलाम म्हणतो, झालं. मी शाळेत शिरताना चाचाला सलाम म्हणायचे, तर तो पुरतं उत्तर द्यायचा, वालेकुम सलाम, बिटिया, जीती रह. मला ते लई आवडायचं, बाकी सगळे नुसतं सलाम म्हणणार आणि मला एकटीला एवढं लांब उत्तर मिळणार. मी मुद्दाम दोनदा-तीनदा म्हणायचे. तो तितक्यांदा द्यायचा, तोंडात दोरा असला तर दोरा काढून द्यायचा.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या साली निजामाचे रझाकार आमच्या वाडीवर आले होते. बा तेव्हा कणगीमागं लपला. करीमचाचा ओट्यावरून उठला आणि त्यांना म्हणाला, ये गरीब लोगां हैं, किताबवाले हैं, इनके पास क्या मिलता तुमना, जाव. किताबवाले म्हणजे देवानं पुस्तक दिलेले, त्यांच्यात अशांना मान. रझाकार गेले. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम हरला, शहरात मिरवणुका निघाल्या म्हणे, आणि आठच दिवसांत भिण्याची पाळी चाचाची आली. काय सांगू तुम्हाला, भीती तीच होती, नुसती या घरातून त्या घरात राहायला गेली. कुठली कुठली माणसं टोळ्या करून हिंडायला लागली. त्यातले निम्मे कालपर्यंत त्याच रझाकारांना भिऊन लपलेले, आता त्यांना कुणीतरी आपल्याला भ्यावं असं वाटत होतं.

चाचाची बायको-पोरं आधीच शहरात तिच्या माहेरी गेली होती. हा मशीनसाठी मागं राहिला. म्हणाला, मशीन छोडके कैसा जाऊँ. त्याच्या गावात घरं पेटली त्या दिवशी तो मशीन डोक्यावर घेऊन आमच्या दारात आला. बा दारात उभा, एक हात कडीवर. मायनं बाला बाजूला सारलं आणि चाचाला आत घेतलं.

मग मायनं त्याच्याच कात्रीनं त्याची दाढी कापली. कापड कापायची मोठी कात्री, तीच. तो डोळे मिटून बसला होता, आणि पाणी गालावरून येऊन कापलेल्या केसांत पडत होतं. बाचं धोतर नेसवलं, बाचा सदरा घातला, आणि त्याचं नाव कृपावंत ठेवलं. बानं त्याला सांगितलं, कुणी सलाम म्हणलं की नुसतं सलाम म्हणायचं, तुमचं ते पुढचं म्हणायचं नाय. दोन दिवस त्याची तालीम चालली. बा दारातून आत यायचा, सलाम, तो म्हणायचा, सलाम. माय यायची, सलाम, सलाम. बरोबर बोलायचा. मला मात्र मायनं बजावून ठेवलं होतं, मार्थे, तू त्याला काही म्हणू नको, तुझं तोंड गप ठेव.

तिसऱ्या दिवशी दुपारी माणसं येतायत अशी कुणकुण लागली. बानं सगळ्या वाडीला देवळात बोलावलं, बाया, पोरं, म्हातारे, आणि सतरंजीवर मधी चाचाला बसवलं. उपासना चाललेली दिसली म्हणजे आत येणार नाहीत असं बाला वाटलं. बा वाचायला उभा राहिला, तेच, बागेतलं, योहानाचं. घाबरलेला माणूस पाठ असलेलंच उघडतो. मला मायनं विहिरीवर पाठवलं होतं, चाचाला तहान लागली म्हणून. मी कळशी घेऊन मागच्या दारानं आत आले. पुढच्या दारात चारपाच माणसं येऊन उभी आहेत हे मला मागून दिसलंच नाय, माणसांच्या पाठी आडव्या. आत पाय ठेवला आणि सवयीनं तोंडातून निघालं. सलाम.

सगळी वाडी एका सुरात म्हणाली, सलाम. आणि त्या सुरात एक आवाज जास्तीचा होता. वालेकुम सलाम, बिटिया.

माझ्या हातातली कळशी कलली आणि पाणी माझ्या पायावरून सतरंजीवर गेलं, तेवढाच आवाज.

दारात पुढं एक तांबडा पटका बांधलेला माणूस होता, हातात कुऱ्हाडीचा दांडा, नुसता दांडा, पातं नव्हतं. तो म्हणाला, वालेकुम कोण म्हणलं रे? मी चाचाकडं बघितलं नाय, एवढं मात्र मी केलं, मी माझ्या पायाकडं बघत राहिले. तो परत म्हणाला, कोण म्हणलं, नाहीतर सगळ्यांना बाहेर काढीन.

आणि बा म्हणाला, मी.

पटकेवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तू? मास्तर हैस ना? बा म्हणाला, व्हय, निजामाच्या राज्यात उर्दू शिकलो, जिभेला सवय लागलीय. तो हसला. म्हणाला, सवय लागली का धर्म लपवलाय? किरिस्ताव हैस तर म्हण तुझी प्रार्थना, म्हण बघू, येशूची.

आता बघा, माझ्या बानं ती प्रार्थना वीस वर्षं पोरांना शिकवली. पोरगं चुकलं तर कान पिळायचा. त्यानं तोंड उघडलं. हे, म्हणाला. परत म्हणाला, हे. आणि पुढं काही नाय. त्याचे ओठ हलत होते, घाम कानामागून मानेवर आला होता, डोळे भिंतीवरच्या त्या तसबिरीकडं, जणू तो गोरा माणूस सांगंल पुढचं. तो कशाला सांगतोय, कोकरू धरून उभा. पटकेवाल्यानं दांडा वर घेतला. माझी माय बसल्या जागी पुढं सरकली. मला सगळी प्रार्थना येत होती हो, उलटी विचारली असती तरी सांगितली असती, पण मी ओठ दाबून धरले होते, कारण एकदा बोलले होते आणि हे झालं होतं.

तेव्हा मधूनच कुणीतरी सुरू केलं. हे आमच्या स्वर्गातील पित्या. हळू, एकसारखं, पोरं म्हणतात त्या चालीत, जिथं आम्ही श्वास घ्यायचो तिथंच श्वास घेऊन. करीमचाचा. दहा-बारा वर्षं ओट्यावर मशीन थांबवून ऐकलेलं. एक शब्द चुकला नाय. दुसऱ्या ओळीला मायनं धरलं, मग म्हाताऱ्यांनी, मग सगळ्या वाडीनं, आणि शेवटी बाच्याही तोंडातून निघालं, रडत. अपराध्यांना आम्ही क्षमा केली त्या ओळीला मी डोळे उघडून पटकेवाल्याकडं पाहिलं, आणि खरं सांगते, माझ्या मनात क्षमाबिमा काही नव्हती, मला नुसतं तो दांडा खाली यावा एवढंच पाहिजे होतं.

आमेन झालं. पटकेवाला चाचाकडं बोट करून म्हणाला, हा बघ, हा खरा किरिस्ताव! मास्तर, तुझ्यापेक्षा याला येतं, याच्याकडून शीक जरा. मागचे हसले. जाताना त्यानं उगीच म्हणून बाच्या खांद्यावर दांडा हाणला. हाड मोडलं. बा तो हात पुढं कधी फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत उचलू शकला नाय, खाली-खालीच लिहायचा.

त्या संध्याकाळी मी बाला विचारलं, बा, तू मी कसा म्हणालास? तुला भ्या नाय वाटलं? मला वाटलं तो काहीतरी मोठं सांगंल. तो म्हणाला, लई भ्या वाटलं पोरी, पण मी वाचत होतो ना, बोट त्या ओळीवर होतं, त्यानं विचारलं कोण, आणि पुढची ओळ तीच होती. मग म्हणाला, ओळ योहानाची म्हणलो, पण उभा मार्काचाच होतो. त्यानंतर बानं पाद्रीसाहेबासमोरही तो राजा येशू पुन्हा वाचला नाय. मार्काचाच वाचायचा, घाबरलेला. साहेब म्हणाले, मास्तर, लोकांना धीर येईल असं वाचा. बा म्हणाला, साहेब, मला यानंच येतो. साहेब त्या आठ दिवसांत आले नव्हते, रस्ता खराब होता म्हणे. आणि प्रभूची प्रार्थना बा मरेपर्यंत कागद हातात धरून म्हणाला. पोरं हसायची. हसू द्या म्हणायचा.

माझं मात्र बिघडलं. मत्तयाच्या पुस्तकात आहे, यहूदा, येशूचाच चेला, दगा द्यायला शिपायांना घेऊन बागेत येतो आणि म्हणतो, गुरुजी, सलाम, आणि मुका घेतो, आणि त्यावरून ते येशूला ओळखतात. हे देवळात वाचलं की मी उठून बाहेर जायचे. बाला कळलं. म्हणाला, अगं, त्याला ठाऊक होतं तो काय करतोय, तुला ठाऊक नव्हतं. आणि त्यालाही येशू काय म्हणाला, गड्या म्हणाला, शत्रू नाय म्हणाला. मला कळायचं सगळं. पण सलाम तोंडातून निघेना. कुणी आलं की मी नुसती मान हलवायचे.

पंधरा-वीस दिवसांनी रस्ते जरा निवळले आणि चाचाला बैलगाडीत बसवून शहरात पोचवायचं ठरलं, गवताखाली मशीन आणि वर तो. दाढीचे खुंट आले होते. वाडी जमली. सगळे सलाम म्हणाले, तो सलाम म्हणाला, आता एकदम पक्का झाला होता. मग माझ्याकडं बघून थांबला. बिटिया, आज सलाम नै करती क्या? माझी जीभ वळेना. गाडीवाला बैलांना हाकायच्या बेतात. तर तोच म्हणाला, सलाम, बिटिया. पहिल्यांदा त्यानं आधी म्हणलं. आणि मी उत्तर दिलं नाय. गाडी सडकेला लागेपर्यंत मी त्या ओट्याला धरून उभी होते, जिथं मशीनच्या बुडाचे चार कोपरे घासून चार खड्डे पडले होते. पुढं तो हैदराबादेकडं गेला असं ऐकलं. भेट झाली नाय.

लग्न होऊन मी शहरात आले, दवाखान्यात आया म्हणून लागले, तीस-पस्तीस वर्षं लोकांची बाळं हातात घेतली. आता उस्मानपुऱ्यात लेकाकडं असते. सलाम पुन्हा म्हणायला लागले ते दवाखान्यातच, एक म्हातारी होती, बुरखेवाली, लेक बाळंत झाली तिची, तिनं मला सलाम केला आणि उत्तराची वाट बघत राहिली, तोंडाकडं बघत. दिलं मग. रडले पण, तिला वाटलं नातू झाला म्हणून रडते.

आता नात म्हणते, आज्जी, दुकानात सलाम म्हणत जाऊ नको गं, लोक भलतंच समजतात आपण कोण आहोत ते. तिचं खरं आहे. आमच्यातली नवी पोरंसुद्धा दुसरं काहीतरी म्हणतात. गल्लीत चारपाच माणसं एकदम आली, मोठ्यानं बोलत, की माझा हात अजून कळशी धरल्यासारखा होतो, दार लावलंय का बघते, दोनदा बघते. मी भित्र्या मास्तरचीच मार्था. न भिणारा येशू कुणाला मिळायचा त्याला मिळो, मला भिणारा दिला, तो पुरला.

तुम्ही आलात तेव्हाही मी आधी तुमच्या तोंडाकडं पाहिलं, कसं बोलावं ठरवायला, आणि नुसतं या बसा म्हणाले. चुकलं माझं. आता निघालात, उन्हाचं नीट जा, देव तुमचं भलं करो. सलाम. काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण द्या, नुसती मान हलवू नका.