डेअरीच्या फ्रीजातलं इंजेक्शन

—न्हाई आप्पाराव, बसत न्हाई, वैजीचं इंजेक्शन तेवढं काढून द्या तुमच्या फ्रीजातून. सांच्याचं हाय, ठाऊक हाय मला, पण आत्ताच पाह्यजे. टोचायला आशाताईला वाटंतच गाठते. पोरीची साखर वाढली — माझ्या नातीची, आन् कुणाची! अकरा वर्षांची पोर, दिसती सहाची. सून ऊसतोडीला जाताना सांगून गेली, आत्या, हिच्या डोक्यात वाटाण्याएवढं कायतरी हाय, त्यातून वाढ उतरत न्हाई, म्हणून हे उंचीचं इंजेक्शन. उंचीचं! मला काय कळत न्हाई व्हय? रोज टोचायचं, गार ठेवायचं, तुमच्या इंजेक्शनाशेजारी — आन् तुमचं कशाचं? साखरेचं. मोठ्या दवाखान्यात दर खेपेला हिची साखर तपासत्यात. मग आजार कशाचा? कावून लपवत्यात म्हाताऱ्या माणसापासून?

मग म्याच गोड बंद केलं. चहा बिनसाखरेचा, तुमच्यासारखा. पण पोर लई हट्टी, आप्पाराव, जीव नकोसा केलाय — आजी भूक, आजी भूक. सुनेचा फोन आला की तिचं बी तेच, हिला उपाशी ठेवू नका. कोण ठेवतंय? गाय चारा छावणीत, दूध आटलं, तुमच्या डेअरीत तरी कुठं राह्यलंय दूध? काल सांच्याला भाकरीला तोंड लावलं न्हाई, गुळासाठी रुसली. डब्यातून चोरला बी. म्या हातातून काढून घेतला, एक फटका दिला, तशीच उपाशी झोपली.

आन् सकाळपून उठंना. हाक मारली तर भलतंच बडबडती, आंग गार, घामानं परकर चिंब. म्हणलं चढली साखर — माझ्या माघारी आणखी खाल्ला असंल. म्हणून तर पळत आले—

उठलात कावून? फ्रीज तिकडं हाय. गाडीची चावी कशाला? आन् त्या खणात काय शोधता? साखर? तुमच्या हितं कुठली साखर, तुमी सोता बिनसाखरेचे. आप्पाराव, तिला साखर चालत न्हाई हो, तेच तर सांगती मघापून — काय? तुमाला बी असाच घाम फुटतो? कवा, चढल्यावर?

उतरल्यावर.

बसले, धरून बसले, हाणा गाडी. गूळ? हाय की. तिच्या हातातून काढला तो हा काय — पदराला बांधलाय म्या.