जेवायला बोलावलं म्हणजे काढलं

नाही, पण माझ्या पुऱ्यांचं काय चुकलं होतं, तेवढं मला कुणीतरी सांगा. इतकी वर्षं पुऱ्या तळतेय, पुण्यात तळल्या, इथं बहरीनला आल्यावर तळल्या, तेलकट नाहीत, वातड नाहीत, आणि मध्यंतरी माझ्यावर ही वेळ आली होती की सहा-सहा फुटी दांडगे गडी, जे तोफेसारखा येणारा चेंडू अंगावर घेतात, ते माझ्या घरचं आमंत्रण म्हटलं की पांढरे पडायचे. एकदा तर मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, एक जण मला बघून मसाल्याच्या दुकानात पोत्यांमागं लपला. दिसत होता हो, अर्धा बाहेरच होता, पण लपला. आणि हे सगळं कुणामुळं? आमच्या ह्यांच्यामुळं.

आमचे हे म्हणजे चंद्रशेखर. माणूस सरळ, हिशेबी, नियमाला धरून चालणारा, लिफ्टमध्ये आठ माणसं असं लिहिलं असेल तर नवव्याला हात जोडून बाहेर काढणारा. बँकेतली चांगली नोकरी होती, ती सोडून गेले कुठं, तर बेसबॉलच्या क्लबात. बेसबॉल! ज्या माणसानं सोसायटीच्या पोरांचा गच्चीत आलेला चेंडूसुद्धा कधी परत फेकला नाही, खाली जाऊन हातात दिला, तो माणूस बेसबॉलमध्ये. म्हटलं, अहो, खेळणार काय तिथं? तर म्हणे, खेळायचं नाही मेधा, खेळाडूंचं बघायचं. व्हिसा, फ्लॅट, तिकिटं, करार. बरं म्हटलं, बघा.

आता तुम्हाला सांगते, सीझन चालू असतो तेव्हा काही त्रास नाही. थंडीचे दिवस, सामने, टाळ्या, सगळं झकास. खरी भानगड सीझन संपल्यावर. बाहेर ऊन तापायला लागलं की आत क्लबात बसून ठरवायचं, पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं आणि कोणाला नारळ द्यायचा. ठरवतो कोच. सही करतात अमीरसाहेब, म्हणजे जनरल मॅनेजर, इथलेच आहेत, पण हिंदी बोलतात आपल्यासारखं. पण त्या माणसाच्या समोर बसून, बाबा रे, तुला काढलं, हे सांगायचं कोणी? तर अमीरसाहेब म्हणाले, "चंद्रूभाई, आप मीठा बोलता है, आप बोलो." आणि हे बोललेच पाहिजेत, कारण लीगचा नियम आहे. कुठल्याशा क्लबातल्या एका पोराला म्हणे आपल्याला काढलं हे विमानतळावर, इन्स्टाग्रामवर कळलं होतं. तेव्हापासून नियम असा की ज्याला काढायचं त्याला क्लबच्या माणसानं समोरासमोर सांगायचं, ठरलेल्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत. नाही सांगितलं तर तो माणूस आणखी एक सीझन पक्का.

झालं. पण ह्यांना आमच्या सासूबाईंची शिकवण. उपाशी माणसाला वाईट बातमी देऊ नये, आणि ताटावर बसलेल्याला तर मुळीच नाही. जेवू द्यावं, हात धुऊ द्यावा, बडीशेप द्यावी, मग सांगावं. म्हणजे काय झालं, ज्याला काढायचं त्याला हे सनद भागातल्या आमच्या घरी जेवायला बोलावणार. आणि मी विचारलं की अहो, आता सांगून टाका ना एकदाचं, तर हळूच म्हणणार, "आधी जेवू दे, मग सांगतो."

पहिला आला तो मेक्सिकोचा पिचर. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. मला काय माहीत त्याला का बोलावलंय, मी आपली हौसेनं इथल्या लबनेचं, म्हणजे चक्क्यासारख्या घट्ट दह्याचं, श्रीखंड केलं, केशर घातलं, पुऱ्या केल्या, बटाट्याची भाजी. पोरानं काय जेवावं! ताट चाटायचं बाकी ठेवलं. मला म्हणाला, मामा, सेम लाइक माय मामा. मामा म्हणजे त्यांच्याकडं आई हो. माझे डोळे भरून आले. मग हात धुतला, बडीशेप घेतली, हे त्याला बाल्कनीत घेऊन गेले आणि मी आतून बघतेय तर तो एवढा मोठा गडी रेलिंगला धरून रडतोय आणि हे त्याच्या पाठीवरून हात फिरवतायत. दुसरा हारून, लाहोरचा, तो तर बडीशेप तोंडात असतानाच समजला. ती चावता येईना आणि गिळताही येईना त्याला.

मग काय, खेळाडूच ते, त्यांचं डोकं चालतंच. क्लबभर झालं, चंद्रूभाईंकडं जेवण म्हणजे खलास. तिसऱ्याला बोलावलं तर तो अमेरिकेतला टेक्सासचा माणूस, रोज अर्धी कोंबडी खाणारा, तो ह्यांना म्हणतो, सॉरी सर, आज माझी एकादशी. कुणी शिकवलं असेल? तो फिजिओ आहे ना, जयेश, त्यानं. शेवटी हे डबा घेऊन त्याच्या फ्लॅटवर गेले. त्याला बसवलं, डबा उघडला आणि म्हणाले, आधी खा, मग सांगतो.

आणि ह्या सगळ्यात मी काय केलं असेल? मला एक जण सूकमध्ये भेटला, भाजी घेत होता, मी आपली सवयीनं म्हटलं, अरे, ये की जेवायला एकदा. आपण नाही का म्हणत? कोणी येतं का लगेच? त्याचं नावसुद्धा नव्हतं हो काढायच्या लोकांत. त्या बिचाऱ्यानं घरी जाऊन आईला अमेरिकेत फोन केला, सोफा विकला, गाडी विकायला काढली. ह्यांना कळेपर्यंत तो जमिनीवर झोपायला लागला होता. ह्यांनी मला हात जोडले, म्हणाले, मेधा, कृपा कर, क्लबच्या माणसांशी अगत्यानं वागू नकोस.

तोपर्यंत मला हसू येत होतं. मग गुरुवारी अमीरसाहेबांचा फोन आला आणि हे फोन ठेवून नुसते बसून राहिले. म्हटलं, कोण? म्हणाले, "रसेल."

आता रसेल कोण ते सांगते. रसेल आमचा वसईचा. टीममधला एकटा मराठी बोलणारा. कॅचर आहे, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, उकिडवं बसून चेंडू धरायचा, तासन्‌तास. ह्यांना क्लबात सर म्हणतो, पण आमच्या घरात दादा आणि मी वहिनी. दर शुक्रवारी चर्चहून थेट आमच्याकडं, तो आणि त्याची बायको नताशा. तिला आता सातवा महिना. तिची डॉक्टर इथली, नाव घातलंय इथल्या हॉस्पिटलात, आणि ती आहे त्याच्या व्हिसावर. त्याला काढला की दोघांनी गाशा गुंडाळायचा. ह्या अवस्थेत.

मी म्हटलं, अहो, हे तुम्ही सांगणार? त्या पोरीकडं बघून सांगणार? तर म्हणाले, "त्याचा गुडघा गेलाय, मेधा. कोच म्हणतो ते खोटं नाही. व्हेनेझुएलाचा तरुण कॅचर येतोय. तिघांना सांगितलं, आणि चौथा आपल्या घरचा म्हणून सोडला असं कोणी म्हटलं तर?" मी म्हटलं, म्हणू देत. तर म्हणाले, नियम तो नियम. आमची सावनी मोबाइलमधून मान न काढता म्हणाली, "बाबा, जस्ट टेक्स्ट हिम." तिला काय जातंय बोलायला.

त्या ठरलेल्या शुक्रवारी ह्यांनी दोनदा दाढी केली. एरवी दीडला येणारी माणसं, पण त्या दिवशी चर्चनंतर नताशाची तपासणी होती, ती लांबली, आणि ती दोघं आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मला वाटलं, आज तरी हे आधी बोलतील, वेळ कुठाय? पाणी दिलं, पंखा वाढवला, आणि आमचे हे घड्याळाकडं बघत म्हणतात काय, "आधी जेवू दे."

वाढलं मी. श्रीखंड ताटाबाहेर सांडलं. रसेल नेहमीसारखा हसला, बसला, जेवायला लागला. आता ह्या माणसाला मी अख्खी पुरी एका घासात घालताना बघितलंय. त्या दिवशी त्यानं पुरीचे चार तुकडे केले. मग दुसऱ्या पुरीचे आठ. एकेक तुकडा श्रीखंडात बुडवायचा, बघायचा, मग तोंडात घालायचा, मग चावत बसायचा, श्रीखंड चावत बसायचा हो! आणि नताशा काही खात नव्हती, ती आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. माझ्या लक्षात आलं. रसेलला माहीत आहे. दोघांनाही माहीत आहे. आणि जेवण संपलं नाही तर दादा बोलणार नाहीत, हेही माहीत आहे.

तुम्हाला सांगते, मी आयुष्यात ह्यांच्या कामात ढवळाढवळ केली नाही. पण मी आत गेले आणि गॅस बारीक केला. तेल तापेना, पुरी फुगेना, मी आपली एक-एक सोडतेय, एक-एक आणतेय. हे बाहेर खुर्चीत ताठ बसलेले, ताट समोर वाढलेलं, घास घेतला नाही, कपाळावर घाम, एसी चालू असताना घाम. फोन टेबलावर थडथडतोय. एकदा म्हणाले, "रसेल, जरा मला तुझ्याशी..." तर मी म्हटलं, अहो, त्याच्या तोंडात घास आहे. पुन्हा म्हणाले, "रसेल..." रसेलनं भाजी मागितली. बटाटा एकेक मोजून खाल्ला म्हणायला हरकत नाही. मी भात टाकते म्हटलं, तर हे माझ्याकडं असं बघायला लागले की माझा डाव त्यांना कळला हे मला कळलं.

आणि पीठ संपलं.

परात रिकामी. भात व्हायला वेळ. बाहेर येऊन बघते तर रसेलच्या ताटात पुरीचा एक तुकडा राहिलेला आणि सहाला दहा मिनिटं. नताशानं पोटावर हात ठेवला. रसेलनं तो तुकडा उचलला, परत ठेवला, परत उचलला, आणि माझ्याकडं बघितलं, आणि माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. तुकडा तोंडात गेला. हात धुवायला उठणार, तेवढ्यात हे उठले. मी मनात म्हटलं, झालं, आता बाल्कनी.

हे बाल्कनीत गेले नाहीत. आपलं ताट उचललं, रसेलच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि स्वतःच्या न शिवलेल्या सगळ्या पुऱ्या एकेक करून त्याच्या ताटात वाढल्या. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं कुणाला पाण्याचा पेला वाढला नाही. म्हणाले, "मला आज भूक नाही. तू सावकाश जेव."

फोन वाजला. अमीरसाहेब. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं, "चंद्रूभाई, बोल दिया?"

"सर, वो खाना खा रहा है."

"अभी तक?"

"हां सर. आराम से खाता है."

"चंद्रूभाई, छे बज रहा है. यल्ला, जल्दी बोलो उसको."

"सर, खानेवाले आदमी को कैसे बोलूं?" असं म्हणून ह्यांनी फोन उपडा ठेवला. माझ्या नवऱ्यानं. लिफ्टमधून नवव्याला बाहेर काढणाऱ्यानं.

सहा वाजले. रसेल चावत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मग हे म्हणाले, "आता हात धू." त्यानं धुतला. ह्यांनी बडीशेप पुढं केली. आणि सांगायला काही उरलंच नव्हतं, म्हणून आम्ही सगळे नुसते बडीशेप चघळत बसलो. नताशानं तेव्हा कुठं ताट ओढलं, आणि घरात तिला द्यायला एक पुरी नाही. कच्चा-पक्का भात दिला तिला.

पुढचं काय सांगू? टीममध्ये कॅचर झाले तीन, एक आधीचा राखीव, एक नवा व्हेनेझुएलाचा आणि आमचा रसेल. मालक अमीरसाहेबांवर भडकले, अमीरसाहेब ह्यांच्यावर, आणि क्लबभर पुन्हा बातमी, चंद्रूभाईंच्या घरी जेवण चालू असेपर्यंत कोणी काढू शकत नाही. जी माणसं मला बघून पोत्यांमागं लपत होती ती आता समोरून येऊन विचारतात, मॅडम, पुढच्या वर्षी त्या शुक्रवारी तुम्ही घरी आहात ना? मी कुठं जाणार?

आणि काल बेल वाजली. दारात अमीरसाहेब. मी म्हटलं, संपलं, आता ह्यांनाच नारळ. हे उभे राहिले, हात मागं बांधून, शाळेत उभं करतात तसे. अमीरसाहेब खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले, घसा खाकरला, आणि ह्यांच्याकडं बघेनातच, माझ्याकडं बघतात.

"मॅडम," म्हणाले, "तीन कॅचर का जवाब मालिक मेरे से मांगता है. गुरुवार शाम को फैसला करेगा, मेरे को रखना है कि नहीं." पेला खाली ठेवला. "गुरुवार को दोपहर में आपके यहां खाने को आऊं?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, या साहेब. पुऱ्या जरा लहान लाटते, म्हणजे रात्रीपर्यंत पुरतील.