शेवटचं वाक्य

—तिथे नको, तिथे नको, ती खुर्ची डुगडुगते, इकडे या, फोनजवळ. बसा. नवीन बाई येणार म्हणून मला सांगितलं होतंच, पण वेळेवर याल असं वाटलं नव्हतं — फुकट काम म्हटलं की लोक कधीही उगवतात. आणि हे काय मांडीवर, कापडाखाली? मांजर का? डॉक्टरकडून आणलंत वाटतं. ठेवा ना खाली. नको? बरं, राहू दे मांडीवर, माझं काय जातंय, फक्त फोन चालू असताना त्याचा आवाज नको. चहा घेणार? मी घेते बाई. हे बघा, काम सोपं आहे. एकटी राहणारी म्हातारी माणसं, घरात बोलायला कुणी नाही, ती इथे फोन करतात आणि आपण ऐकायचं. फक्त ऐकायचं! मध्ये तोंड घालायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही. तुम्हाला जमेल, आल्यापासून एक शब्द बोलला नाहीत. मला जड जातं, खोटं कशाला बोलू.

मी? अहो, मी मोठ्या कंपनीत होते — ग्राहक सेवा, अख्खा मजला माझ्या हाताखाली. फ्रिज गार करत नाही, मशीन पाणी सोडत नाही, लोक दिवसभर शिव्या घालायचे आणि आमच्या मुली गोड बोलायच्या. गोड बोलून फोन लवकर बंद करायचा, सगळी कला ती. त्यासाठी एक वाक्य असतं — ‘आणखी काही मदत करू शकते का मी तुम्हाला?’ ऐकलंयत ना? सगळ्यांनी ऐकलंय. माणूस कितीही तापलेला असू दे, हे विचारलं की म्हणतो, नाही, काही नाही, थँक्यू. सभ्यपणा आड येतो ना त्याच्या! खरा अर्थ काय? ठेवा आता. पण कानाला टोचत नाही. ते कुठल्या सुरात म्हणायचं हेसुद्धा मी शिकवायचे — शेवट जरासा वर न्यायचा, ‘तुम्हा-ला?’, आवाजात हसू ऐकू आलं पाहिजे. मग एक दिवस वाटलं, पुरे झालं. केस पिकले, मुलं आपापल्या वाटेला लागली, आता माणसांसाठी काहीतरी करू या. केक कापला, भाषणं झाली, आणि घरी आल्यावर नवरा काय म्हणाला? म्हणाला, जन्मभर लोकांना फोन ठेवायला लावलास, आता उचलायला निघालीस होय? बोलतो असाच. उंटावरचा शहाणा.

आणि इथे येऊन बघते तर सगळा आनंदीआनंद! फोन एक. आणि ज्यांनी हे सुरू केलं त्या बाई — शाळेत शिकवायच्या पूर्वी, देवमाणूस, त्यात वाद नाही — त्या एकेकाशी तासन्‌तास. ह्याची दातांची कवळी, तिच्या सुनेचा स्वभाव, चालूच. मी म्हटलं, बाई, तुम्ही एकाचं ऐकत बसता तेव्हा दुसरा कुणीतरी नंबर फिरवत असतो आणि त्याला एंगेज लागतो, त्याचं काय? बरोबर आहे ना? सांगा, मी चूक बोलले? मग मी पद्धत बसवली. ते वाक्य आणलं. बाई म्हणाल्या, ही पोपटपंची इथे नको, हे म्हणजे माणसाच्या हातात गोड बोलून नारळ देणं आहे. मी हसले. आणखी एक नियम केला — आपण होऊन कुणाला फोन करायचा नाही, नाहीतर माणसं चिकटतात, सवय लागते. आता बाई येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. दुखत असतील, वय झालंय.

काय? सारखी फोनकडे बघतेय होय मी? बघतेय खरी. एक काका आहेत, त्यांची वेळ होऊन गेली. जेवण झालं, भांडी विसळली की त्यांचा फोन. कानाने कमी, म्हणून स्पीकरवर टाकतात, आणि मागे त्यांचा पोपट नुसता कलकलाट करतो. पोपटाचं नाव काय असेल? साहेब! ‘थांबा हं, साहेब रागावलेत,’ असं म्हणायचे. त्या घरात ते दोघंच. म्हणजे मुलगी आहे, पण तिचं सांगूच नका. लांब कुठेतरी, मोठ्या हुद्द्यावर, बापाने फोन केला की हिचं ठरलेलं — बाबा, मीटिंगमध्ये आहे. असून नसून सारखीच. अशी लेक देवाने — का हो, काय झालं? गार वाटतंय का? खिडकी लावते. तर काय सांगत होते, शेवटी मी रोज विचारायचे, आणखी काही मदत करू शकते का मी तुम्हाला? आणि ते रोज म्हणायचे, ‘हो, उद्या फोन उचला म्हणजे झालं.’ रोज तेच, आणि वर हसायचे. पण काल आलाच नाही फोन. आजही अजून — येईल. डोळा लागला असेल.

परवा तर इतकं छान बोलले! एरवी कुरकुर असते, पायाला मुंग्या येतात, जिना चढवत नाही. परवा काही नाही. आवाज एकदम शांत. म्हणाले, कपाट आवरून टाकलं, चांगला कोट होता तो रखवालदाराला दिला, त्याला बरोबर बसला. साहेबांनाही शेजारी ठेवून येतो म्हणाले. मी म्हटलं, वा काका, प्रवासाला निघालात वाटतं! तर म्हणाले, तसंच काहीसं. मला बरं वाटलं हो. माझ्या मनात काय आलं सांगू? तक्रार मिटली, ग्राहक समाधानी. शप्पथ, हेच शब्द आले. मग मी नेहमीचं वाक्य म्हटलं. आणि ते थांबले. आम्ही मुलींना शिकवायचो ना, वाक्य टाकलं की आपण गप्प बसायचं, समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा द्यायची — म्हणून मीही गप्प बसले. किती वेळ नुसता त्यांचा श्वास. पोपटसुद्धा गप्प. शेवटी म्हणाले, ‘नाही, आता काही नको. तुम्ही पुष्कळ केलंत.’ आणि ठेवला. उद्या फोन उचला, म्हणाले नाहीत. विसरले असतील, विसरतात म्हातारी माणसं. काल दोनदा हात गेला माझा, नंबर फिरवावा म्हणून. पण नियम मीच केलेला, मीच कसा मोडू? आज करते. करू का? तुम्हाला काय वाटतं? पाच मिनिटं वाट बघू, मग करते.

अहो, तुम्ही रडताय? पहिल्याच दिवशी असं मनाला लावून घेतलंत तर कसं व्हायचं? काय म्हणालात? कुणाचे बाबा? … तुम्ही नवीन बाई नाही? मग मघाशीच सांगायचं ना! मी बोलू — हो, मीच बोलू दिलं नाही. कधी? परवाच? फोन ठेवल्यावर? नको, पुढचं नका सांगू, हात जोडते. मला कसं कळणार हो? शांत होते ते, अगदी शांत होते, तुम्हाला तेवढाच आधार म्हणून सांगते — आणि मघाशी मी जे बोलले, मीटिंगचं, लेकीचं, ते मनावर घेऊ नका, माझी जीभच मेली — थांबा, कापड कशाला काढताय? हा साहेब? हा? … काय बोलतो? कालपासून एकच वाक्य? त्यांच्या फोनवर शेवटचा नंबर इथला, म्हणून आणलंत त्याला इथे, आवाज कुणाचा ते बघायला?

माझा आहे. माझाच आहे आवाज. तो सूर बघा, शेवटी वर जातो. हसूसुद्धा आहे त्यात. अहो, झाका ना त्याला. परत म्हणाला! आणि म्हणून झालं की गप्प बसतो बघा, मान वाकडी करून, उत्तराची वाट बघत. नको रे. काही नको. नाही, आता काही नको म्हटलं ना! झाका त्याला. झाका.