राधक्कांनी गाडी थांबवली तेव्हा

माधवअण्णा, अक्कांच्या लेकरांनो, आणि इथे जमलेल्या सगळ्या आप्तांनो, शेजाऱ्यांनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. शाळेत रोज बोलतो, पण ते धडे असतात. ‘राधक्का गेल्या’ एवढंसं वाक्य. सकाळपासून घरात म्हणून बघतोय, पुरं होत नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या.

बाहेर व्हरांड्यातही माणसं उभी आहेत. चिकपेटेतले दुकानदार आहेत, आमच्या गल्लीतले कन्नड शेजारी आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जणांना अक्कांनी आपल्या गाडीतून कुठे ना कुठे पोचवलं असेल. मलाही पोचवलं. तेवढंच सांगतो.

नव्या मंडळींना माहीत नसेल, ती गाडी आधी अण्णा चालवायचे. मग काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. नुसत्या सावल्या दिसायच्या. नातेवाईक म्हणाले, गाडी विकून टाका. अण्णा म्हणाले, “विकायची कशाला? ही चालवेल.” तेव्हा अक्कांनी चाळिशी ओलांडली होती. नऊवारी नेसून बाई मोकळ्या मैदानावर गाडी शिकायला जायची, आणि शिकवणारा कोण, तर ज्याला दिसत नाही तो नवरा! इंजिनाचा आवाज ऐकून अण्णा सांगायचे, “आता गिअर बदल.” लोक हसले. हसू देत. अक्का शिकल्या.

एका पावसाळ्यात मागडीजवळच्या एका खेड्यात लग्न होतं. आम्ही दोघं नवरा-बायको बसने गेलो होतो, अक्का आणि अण्णा गाडीने. जेवणाची पानं मांडत होते आणि माझ्या सुमित्राच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं, उपाशी राहिल्यामुळे असेल. मग ती वाकली ती सरळच होईना. तिथल्या वैद्यांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, “हिला इथे ठेवू नका. बेंगळूरला मोठ्या इस्पितळात न्या. आत्ता.”

बस संध्याकाळची. मी नुसता उभा. अक्का हातातलं ताट खाली ठेवून आल्या. “गुरुराज, तिला मागच्या सीटवर निजव. तू तिचं डोकं मांडीवर घे.” बस्स. पानावर न बसताच आम्ही निघालो.

निम्मा रस्ता झाला आणि पाऊस आला. कसा पाऊस! त्या जुन्या गाडीचा वायपर इंजिनाच्या ओढीवर चालायचा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की मंदावायचा. मग अक्का क्षणभर पाय उचलायच्या, वायपर काच पुसायचा, रस्ता दिसायचा, पुन्हा पाय दाबायच्या. असं करत करत चाललो होतो. आणि एका चढावर तो बंदच पडला.

काचेच्या वरच्या कडेला, आतल्या बाजूने, वायपर हाताने फिरवायचा एक लहानसा दांडा होता. अक्का म्हणाल्या, “अहो, वायपर.” शेजारी बसलेल्या अण्णांनी चाचपडत दांडा धरला आणि फिरवायला लागले. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

“स्वल्प जोरात.”

“असं?”

“सरी, बरोबर. असंच.”

सगळा रस्ता तेवढंच बोलणं. अण्णांचा एक हात दमला की दुसरा. त्यांना स्वतःला काहीच दिसत नव्हतं, मंडळी. अक्कांना दिसावं म्हणून ते काच पुसत होते.

मग पाऊस इतका वाढला की पुसूनही काही दिसेना. अक्कांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

सुमित्रा कण्हत होती. मी म्हणालो, “अक्का, चला हो. हळूहळू चला, पण चला.”

त्या मागे वळल्या. त्यांचा चेहरा अजून आठवतो. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, “गुरुराज, मला पुढचं दिसत नाही. दिसत नसताना मी गाडी नेणार नाही. हिला घेऊन तर नाहीच नाही.” आणि हात मागे करून त्यांनी सुमित्राचा पाय धरला. तशाच बसून राहिल्या.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला तर जन्म गेल्यासारखं वाटलं. पाऊस जरा उतरला, अण्णांनी पुन्हा काच पुसली, आणि अक्का एकदम म्हणाल्या, “अय्यो, देवा.” समोर, अगदी समोर, आडवं झाड पडलं होतं. रस्ताभर. आम्ही हळूहळू जरी गेलो असतो, तरी त्यात शिरलो असतो.

अक्का पदर खोचून चिखलात उतरल्या. शेतातल्या घरांकडे जाऊन तिथल्या माणसांना कन्नडमध्ये हाका मारायला लागल्या, “अण्णा, स्वल्प बन्नी!” दादा, जरा या हो, म्हणून. माणसं कोयते, कुऱ्हाडी घेऊन धावत आली. फांद्या तोडल्या, बुंधा ओढला. गाडीपुरती वाट झाली. उजेड असतानाच आम्ही इस्पितळात पोचलो. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. आतडं फुटायच्या बेतात होतं, म्हणाले.

अण्णांना पुढे कित्येक दिवस हात वर करता येईना. अक्का घास भरवायच्या आणि चिडवायच्या, “नव्या नवऱ्यासारखे लाड चाललेत.” अण्णा, तुम्ही हसताय. हसा. अक्कांना आवडलं असतं.

मी पाया पडायला गेलो, तर मला उठवून म्हणाल्या, “ते राहू दे. बरी झाली की सुमित्राला माझ्याकडे पाठव. गाडी शिकवते.” आणि शिकवली. या शेवटच्या आजारात अक्कांना डॉक्टरांकडे नेत होती ती सुमित्राच. अक्का शेजारी बसून तिला म्हणायच्या, “छान चालवतेस गं.”

सुमित्रा समोरच बसली आहे. परवा आरशासमोर कुरकुरत होती, कानाजवळ पांढरे केस दिसायला लागले म्हणून. मी नुसता बघत राहिलो. तिचे केस पिकताना मला बघायला मिळतायत. अक्का, हे तुम्ही दिलंत.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नये. ज्याला ज्या वेळच्या अक्का आठवतात, त्याने त्या आठवाव्यात.

अक्का, नमस्कार करतो. आज तरी पाया पडू द्या.